'द लायन स्लीप्स टुनाइट' हे गाणं मुळात कुणाचं? सॉलोमन लिंडा आणि 'म्बुबे'

गानवेडी

डिस्नीच्या 'द लायन किंग' सिनेमात टिमॉन आणि पुम्बा जंगलातून चालता चालता 'अविमोवे अविमोवे' करत जे गाणं गातात ते बहुतेक सगळ्यांनी ऐकलेलं असतंच, सिनेमा बघितला नसेल तरी कुठल्या तरी जाहिरातीत नाहीतर शाळेच्या गॅदरिंगला तरी कानावर पडतंच. या गाण्याच्या पाठी एवढा मोठा इतिहास आहे आणि तो आपल्याकडे फारसा कुणी मराठीत लिहिलेला दिसत नाही, म्हणून हा धागा काढतेय. ज्यांना जास्त माहिती आहे त्यांनी भर घाला.

तर मूळ गाणं दक्षिण आफ्रिकेतलं. नाव 'म्बुबे', झुलू भाषेत म्बुबे म्हणजे सिंह. लिहिणारा, चाल लावणारा आणि गाणारा एकच माणूस, सॉलोमन लिंडा. जन्म १९०९ चा, नाताळ प्रांतात पोमेरॉय नावाच्या गावाजवळचा. लहानपणी इतर मुलांसारखा गुरं राखायचा, मिशनच्या शाळेत थोडंफार शिकला, तिथेच चर्चमधलं गाणं कानावर पडलं. १९३१ च्या सुमारास पोट भरायला जोहान्सबर्गला आला. तिथे नोकरी करता करता गावाकडच्याच मुलांना घेऊन 'ईव्हनिंग बर्ड्स' नावाचा ग्रुप उभा केला. पट्ट्यापट्ट्यांचे सूट, डोक्यावर हॅट, दुरंगी बूट असा थाट असायचा, आणि खालच्या सुरात गाणारे एकापेक्षा जास्त गडी ठेवायचे ही लिंडाची खासियत. तो स्वतः मात्र सगळ्यांच्या वर, अगदी बाईच्या पट्टीत गायचा.

गॅलो ही तिथली रेकॉर्ड कंपनी. त्यांच्यासाठी नवे गायक हेरणाऱ्या ग्रिफिथ मोत्सिएलोआनं यांना ऐकलं आणि १९३९ मध्ये जोहान्सबर्गच्या स्टुडिओत 'म्बुबे' रेकॉर्ड झालं. लहानपणी गुरांवर येणाऱ्या सिंहांच्या आठवणीतून निघालेलं गाणं, शब्द अगदी चार-दोन. दोन टेक झाले, तिसरा सुरू झाला, आणि या तिसऱ्या टेकच्या शेवटाकडे लिंडानं एकदम वर जाऊन एक ओळ घेतली, आधी बसवलेली नाही, तिथल्या तिथे सुचलेली. आज अख्खं जग 'इन द जंगल, द मायटी जंगल' म्हणून जी ओळ गातं तिची चाल ही! मूळ रेकॉर्डिंग नेटवर मिळतं, शेवटपर्यंत नक्की ऐका, ती जागा येते तेव्हा मला दरवेळी काटा येतो. काही सेकंदांचीच जागा आहे हो, पण पुढचे सगळे पैसे आणि सगळी भांडणं त्या काही सेकंदांवरूनच झाली.

दक्षिण आफ्रिकेत रेकॉर्ड तुफान चालली, १९४० चं दशक संपेपर्यंत लाखाच्या वर प्रती खपल्या. आणि लिंडाला काय मिळालं तर गाण्याचे हक्क गॅलोला लिहून दिले त्याचे १० शिलिंग. रॉयल्टी नाहीच. कंपनीनं त्याला आपल्याच कारखान्यात रेकॉर्ड पॅक करायचं काम दिलं होतं, म्हणजे आपल्याच गाण्याची कंपनी, आणि हा तिथला पॅकर.

खर्ज

वा! सुंदर विषय. गाण्याच्या अंगानं थोडं लिहितो.

मूळ 'म्बुबे' ऐकलं तर लक्षात येतं की त्यात कडवं-ध्रुवपद असा प्रकारच नाही, खालचे आवाज एक छोटा तुकडा घेऊन गोल गोल फिरत राहतात, तीन कॉर्ड्सचं चक्र आहे, तेच परत परत, आणि त्या फिरत्या जमिनीवर लिंडा मोकळा सुटलेला आहे. एकदा किंचाळल्यासारखा वर जातो, एकदा हळू येतो, पुढच्या फेरीला काय करेल सांगता येत नाही. बाकीच्यांनी धरून ठेवायचं आणि एकानं उडायचं. नंतरच्या जवळजवळ सगळ्या कव्हरमध्ये (म्हणजे दुसऱ्यांनी गायलेल्या आवृत्त्यांत) हे उलटं झालंय, त्यानं सहज घेतलेली जागा पाठ करून 'चाल' झाली आणि ती दरवेळी तशीच येते. गोड वाटते, पण त्यातलं अचानकपण गेलं.

हे गाणं इतकं गाजलं की त्या धाटणीच्या गाण्यालाच तिकडे म्बुबे म्हणायला लागले. मोठ्या खड्या आवाजातलं, पुरुषांचंच गाणं. पुढे त्यातूनच हलक्या पावलांचं, दबक्या आवाजाचं इसिकाथामिया रुळलं, 'लेडीस्मिथ ब्लॅक माम्बाझो' हा त्यातला जगभर गाजलेला ग्रुप (पॉल सायमनच्या १९८६ च्या 'ग्रेसलँड' अल्बममुळे आपल्याकडेही बऱ्याच जणांना माहीत झाला).

आणि हे गाणारे सगळे खाणीत, कारखान्यात कामाला आलेले लोक. बायकामुलं गावी, हे शहरात हॉस्टेलमध्ये दाटीवाटीनं राहणार, आठवडाभर राबणार आणि शनिवारी रात्री ग्रुपाग्रुपांच्या स्पर्धा, पार उजाडेपर्यंत. आपल्या गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेले लोक खोल्यांतून राहायचे आणि गावाकडची भजनं, शक्ती-तुरा घेऊन जागायचे, त्याच जातीचं हे वाटतं मला. शहरानं माणसाला एकटं पाडलं की तो गावचं गाणं काढतो आणि शहरात आल्यावर ते गाणं थोडं बदलतं.

अबोली_

मला आत्तापर्यंत हे अमेरिकन गाणंच वाटत होतं!! गानवेडी, अमेरिकेत कसं पोचलं ते लिहा ना.

गानवेडी

खर्ज, फारच छान लिहिलंत, 'बाकीच्यांनी धरून ठेवायचं आणि एकानं उडायचं' हे अगदी पटलं.

अबोली, अमेरिकेत ते रेकॉर्डवरून गेलं. लोकसंगीत गोळा करणारा अॅलन लोमॅक्स तेव्हा डेक्का कंपनीत होता, त्याच्याकडे आफ्रिकेतून आलेल्या काही रेकॉर्डी होत्या, त्या त्यानं १९४९ च्या आसपास आपल्या मित्राला, पीट सीगरला दिल्या. सीगर बँजो वाजवणारा, कामगारांची गाणी, शांततेची गाणी म्हणणारा माणूस. त्यानं 'म्बुबे' ऐकलं आणि वेडाच झाला. भाषा येत नव्हती, कानानं लिहून घेतलं, मूळ शब्द होते 'उयिम्बुबे' म्हणजे 'तू सिंह आहेस', त्याला ऐकू आलं 'विमोवे'. तेच नाव पडलं. त्याच्या 'द वीव्हर्स' ग्रुपनं १९५१ च्या शेवटी रेकॉर्ड केलं, पुढच्या वर्षी ते गाजलं, आणि लगेच ग्रुप कम्युनिस्ट असल्याच्या संशयात अडकला, कार्यक्रम बंद, रेडिओ बंद. पण गाणं थांबलं नाही, १९५५ च्या त्यांच्या कार्नेगी हॉलच्या कार्यक्रमात ते होतंच, १९५९ मध्ये किंग्स्टन ट्रिओनं घेतलं, त्याआधी पेरूच्या इमा सुमाकनं तिच्या त्या अजब आवाजात गायलं होतं.

आता खरी ग्यानबाची मेख इथे आहे. वीव्हर्सच्या रेकॉर्डवर संगीतकार म्हणून नाव आलं 'पॉल कॅम्पबेल'. असा माणूसच नव्हता! जुनी, मालक नसलेली लोकगीतं नव्यानं बांधून घेतली की त्यांची रॉयल्टी गोळा करायला वीव्हर्स आणि त्यांचे प्रकाशक हे नाव वापरायचे. 'म्बुबे' पण त्याच खात्यात गेलं, पिढ्यानपिढ्या चालत आलेलं झुलू लोकगीत म्हणून. त्याला एक कथाही चिकटली, की हा झोपलेला सिंह म्हणजे झुलू राजा शाका, तो एक दिवस जागा होईल वगैरे. लिंडाच्या गाण्यात असलं काही नाही. आणि मूळ रेकॉर्डच्या लेबलवर 'सॉलोमन लिंडाज ओरिजिनल ईव्हनिंग बर्ड्स' असं छापलेलं होतं. जिवंत माणूस, नावासकट, पत्ता शोधला असता तर कंपनीच्या गोदामात सापडला असता.

मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त हेच लागतं. १० शिलिंग देणाऱ्यानं निदान हा माणूस आहे हे मान्य केलं होतं, 'पारंपरिक' म्हटल्यावर माणूसच नाहीसा झाला.

टर्नटेबल

जुन्या रेकॉर्डी जमवतो त्यामुळे या गाण्याच्या बऱ्याच आवृत्त्या ऐकल्यात. सगळ्यात गाजलेली अर्थात 'द टोकन्स'ची, १९६१. ब्रुकलिनची पोरं, जे सीगल मुख्य गायक. आरसीए कंपनीचे निर्माते ह्युगो पेरेत्ती आणि लुइजी क्रिएटोरे यांनी जॉर्ज वाइस नावाच्या गीतकाराकडून इंग्रजी शब्द लिहून घेतले, 'इन द जंगल' हे शब्द त्याचे. मध्ये जो बाईचा उंच आवाज येतो तो अनिता डेरियन या ऑपेराच्या गायिकेचा. पोरांना स्वतःला हे गाणं विशेष आवडलेलं नव्हतं, रेकॉर्डची मुख्य बाजू म्हणून 'टीना' नावाचं दुसरंच गाणं होतं, हे पाठीमागच्या बाजूला टाकलं, पण रेडिओवाल्यांनी रेकॉर्ड उलटी करून लावली आणि डिसेंबर १९६१ मध्ये अमेरिकेत थेट पहिला नंबर.

त्यानंतर पूरच. इंग्लंडमध्ये कार्ल डेन्व्हर (याचा आवाज ऐका, डोंगरावरून हाक मारल्यासारखा), फ्रान्समध्ये हेन्री साल्वादोर, १९७२ मध्ये रॉबर्ट जॉन, ७५ मध्ये चक्क ब्रायन ईनो, १९८२ मध्ये 'टाइट फिट' इंग्लंडात पहिल्या नंबरावर, १९९३ मध्ये आर.ई.एम. शंभराच्या वर कलाकारांनी केलंय. माझ्या मते ऐकण्यासारख्या त्यातल्या फार थोड्या, टाइट फिट तर मला ऐकवत नाही, चकचकीत आहे पण आत काही नाही.

मिरियम माकेबाची १९६० ची मात्र ऐकाच. ती जोहान्सबर्गचीच, तिनं 'म्बुबे' नावानंच गायलं, झुलूतच, आणि त्याच वर्षी तिच्या सरकारनं तिचा पासपोर्ट रद्द केला, पुढे तीस वर्षं मायदेशी जाता आलं नाही. ती गाते तेव्हा ते जंगलातलं गोडगोड गाणं राहत नाही.

रानवाटा

एक गोष्ट कायम खटकते, आफ्रिकेतले सिंह घनदाट जंगलात राहत नाहीत, ते मोकळ्या माळरानावरचे. लिंडाला हे सांगायची गरज नव्हती, त्यानं गुरं राखली होती. न्यूयॉर्कमध्ये बसून आफ्रिका म्हणजे जंगल, जंगल म्हणजे सिंह असं लिहिलं गेलं. बरं त्याचं गाणं सिंहाच्या मागावर जाण्याचं, जागं राहण्याचं, आणि यांच्या गाण्यात सिंह झोपलाय, गावही शांत झोपलंय. म्हणजे गाण्याचा मूळ भावच बदलून अंगाई झाली.

मुळाक्षर

धागा वाचतोय, आवडला, पण थोडं वेगळं मत मांडतो. सीगरला इतकं धारेवर धरू नये असं वाटतं. त्या काळी अमेरिकेतल्या लोकसंगीतवाल्यांची समजूतच अशी होती की गाणी सगळ्यांची असतात, एकानं दुसऱ्याला द्यायची. सीगरनं लिंडाला पैसे पाठवा असं प्रकाशकाला सांगितलं होतं, १००० डॉलरचा चेकही पाठवला. टोकन्सनी तर उघडउघड धंदा केला. आणि दुसरं, वाइसचे शब्द नसते तर हे गाणं आज आपल्या पोरांच्या तोंडी असतं का? कव्हर करणाऱ्यानं काहीतरी घातलेलं असतं हे मान्य करायला पाहिजे.

गानवेडी

मुळाक्षर, सीगरच्या हेतूबद्दल मलाही शंका नाही, त्याचं आयुष्य बघितलं तर तो पैशासाठी काही करणारा माणूस नव्हता. पण चांगल्या माणसानं चौकशी न करता 'सगळ्यांचं' म्हटलं तरी फटका बसायचा त्याला बसलाच. सगळ्यांचं म्हणून जे गाणं घेतलं त्याची रॉयल्टी सगळ्यांना गेली नाही, ती न्यूयॉर्कच्या प्रकाशकाकडे गेली. मुळात लोकगीत मुक्त ठेवायचं होतं तर पॉल कॅम्पबेलच्या नावावर तरी का चढवायचं?

वाइसचे शब्द त्याचे, त्याचे पैसे त्याला मिळावेत, यात वादच नाही. शब्दांवर त्याचं नाव आणि चालीवर लिंडाचं नाव, इतकं साधं होतं ते. टोकन्सच्या रेकॉर्डवर वाइस, पेरेत्ती, क्रिएटोरे अशी तीन नावं आली आणि लिंडाचं नाही.

टोकन्सचं गाणं पहिल्या नंबरावर होतं त्याच्या पुढच्या वर्षी, ऑक्टोबर १९६२ मध्ये लिंडा गेला. किडनीच्या आजारानं, वय ५३ च्या आसपास. त्याआधी तीनेक वर्षं स्टेजवरच कोसळला होता. जोहान्सबर्गजवळच्या सोवेटोमधलं छोटंसं घर, खाली शेणानं सारवलेली जमीन, आणि बँकेत २५ डॉलरसुद्धा नाहीत. थडग्यावर दगड बसवायला बायकोला अठरा वर्षं लागली.

अबोली_

वाचून फार वाईट वाटलं. मग घरच्यांना पुढे काहीच मिळालं नाही का? डिस्नीवर केस झाली होती असं कुठेतरी वाचलंय.

कलम_कायदा

हा भाग माझ्या आवडीचा, म्हणून सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

२००० साली दक्षिण आफ्रिकेचा पत्रकार रियान मलान यानं 'रोलिंग स्टोन' मासिकात मोठा लेख लिहिला, सगळे कागद उकरून काढले. त्याचा अंदाज होता की या गाण्यानं तोवर दीड कोटी डॉलरच्या आसपास रॉयल्टी कमावली असावी. लिंडाच्या मुली तेव्हा सोवेटोत गरिबीत होत्या, एक तर लेखानंतर वर्षभरात एड्सनं गेली, औषधाला पैसे नव्हते.

अडचण अशी की कागदावर सगळं 'कायदेशीर' होतं. लिंडानं १० शिलिंगला हक्क दिलेले, गॅलोनं अमेरिकेतला दावा तिथल्या प्रकाशकाला सोडून दिला आणि बदल्यात आफ्रिकेच्या काही भागातले 'विमोवे'चे हक्क सांभाळायला घेतले, नंतर १९८३ मध्ये लिंडाच्या बायकोच्या आणि ती गेल्यावर १९९२ मध्ये मुलींच्याही सह्या घेतलेल्या. मग केस उभी कशी राहणार?

वाट सापडली ती १९११ च्या ब्रिटिश साम्राज्याच्या कॉपीराइट कायद्यात. हे काम ओवेन डीन या दक्षिण आफ्रिकी वकिलाचं. त्या कायद्यात एक तरतूद होती की लेखकानं हयातीत हक्क कुणालाही विकलेले असोत, त्याच्या मृत्यूनंतर २५ वर्षांनी ते आपोआप वारसांकडे परत येतात. याला इंग्रजी कादंबरीकार डिकन्सच्या नावानं ओळखतात, लेखक गरजेपोटी कवडीमोलानं हक्क विकतात आणि नंतर बायकापोरं उपाशी राहतात म्हणून ही सोय. लिंडा गेला १९६२ मध्ये, म्हणजे १९८७ मध्ये जुन्या साम्राज्यातल्या देशांपुरते हक्क वारसांकडे आलेले होते, कुणाला पत्ताच नव्हता! आणि 'द लायन किंग' आला १९९४ मध्ये, म्हणजे १९८७ नंतर.

२००४ मध्ये डिस्नीवर दक्षिण आफ्रिकेत दावा लावला. डिस्नी तर अमेरिकेची कंपनी, तिला तिथल्या कोर्टापुढे आणणार कशी? तर डिस्नीचे दक्षिण आफ्रिकेत नोंदवलेले दोनशेच्या वर ट्रेडमार्क, मिकी माउससकट, कोर्टाच्या हुकमानं अटकवून ठेवले. मागणी सुमारे १५ लाख डॉलरची. फेब्रुवारी २००६ मध्ये तडजोड झाली, ती अमेरिकेतले हक्क असलेल्या अॅबिलीन म्युझिकबरोबर. मागचे काही पैसे, पुढच्या कमाईतला वाटा एका ट्रस्टकडे, आणि सॉलोमन लिंडाचं नाव सहसंगीतकार म्हणून. रक्कम जाहीर केली नाही.

खर्ज

कलम_कायदा, जबरदस्त माहिती. तो १९११ चा कायदा आपल्याकडेही होता का?

कलम_कायदा

हो, १९१४ च्या कायद्यानं तो थोडे फेरफार करून इथे लागू केला होता आणि आपला स्वतःचा १९५७ चा कायदा येईपर्यंत तोच चालू होता. आपल्याकडे सिनेमाची गाणी लिहिणाऱ्या, चाल लावणाऱ्यांचं दुखणं साधारण हेच, एकदा रक्कम घेऊन सही केली की विषय संपला. २०१२ मध्ये कायदा बदलला, जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते आणि त्यांनी हा मुद्दा लावून धरला होता. आता गीतकार-संगीतकारानं सही केली तरी रॉयल्टीतला त्याचा समान वाटा सोडून देता येत नाही, तसा करार केला तरी तो चालत नाही. डिकन्सवाली तरतूद पंचवीस वर्षांनी जे द्यायची ते हे पहिल्या दिवसापासून देतं, म्हणून मला जास्त बरं वाटतं.

टर्नटेबल

गानवेडींच्या 'पारंपरिक'च्या मुद्द्याला +१. आपल्याकडच्या किती लावण्या, ओव्या, गवळणींच्या रेकॉर्डीवर 'पारंपरिक' छापलेलं असतं. काही खरंच पारंपरिक असतील, पण प्रत्येकीचा कुणीतरी पहिला गाणारा होता, आणि कधीकधी तो रेकॉर्ड निघाली तेव्हा जिवंत असू शकतो. हे छापण्याआधी निदान विचारपूस तरी व्हावी.

मुळाक्षर

कलम_कायदांचं वाचल्यावर माझं मत थोडं सरकलं, सीगरबद्दल नाही पण 'सगळ्यांचं गाणं' या कल्पनेबद्दल. ज्याच्याकडे वकील नाही त्याचंच गाणं सगळ्यांचं होतं, उलट कधी होत नाही.

२०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर 'द लायन्स शेअर' नावाची डॉक्युमेंटरी आली होती ती मिळाली तर बघा, तडजोडीनंतर मुलींच्या हातात प्रत्यक्षात काय आणि किती पडलं, ट्रस्टचं काय झालं, हे त्यात आहे. पेपरात आलेल्या मोठ्या आकड्यांच्या मानानं ते बरंच कमी आहे.

अबोली_

काल रात्री मूळ 'म्बुबे' ऐकलं, मग माकेबा, मग टोकन्स, या क्रमानं. मुलीलाही ऐकवलं, ती आधी म्हणाली हे लायन किंगसारखं नाहीये, मग शेवटची ती जागा आली आणि म्हणाली आई हेच आहे! तिला सॉलोमन लिंडाचं नाव सांगितलं. एक विचारायचं होतं, आता हे गाणं कुणी गायचं, रेकॉर्ड करायचं म्हटलं तर परवानगी कुणाची?

कलम_कायदा

दक्षिण आफ्रिकेत संगीतकाराच्या मृत्यूनंतर ५० वर्षं कॉपीराइट असतो, म्हणजे लिंडाच्या मूळ 'म्बुबे'चा २०१२ च्या अखेरीस संपला, तिथे आता कुणीही गाऊ शकतं. वाइसच्या इंग्रजी शब्दांचं तसं नाही, तो २०१० मध्ये गेला, त्याच्या शब्दांना संरक्षण आहे, आणि अमेरिकेचे नियम वेगळे, तिथे प्रकाशकाला विचारूनच. तुमच्या मुलीच्या शाळेत बसवायचं असेल तर झुलूतलं मूळच बसवा असं सुचवेन, शब्द चारच आहेत. आणि कार्यक्रमपत्रिकेत लिंडाचं नाव घाला, तिथे 'आफ्रिकन लोकगीत' लिहू नका.